मागचे शॉकअप बदलताना

गाडीचा मालक पुढे बसतो आणि शॉकअप जातात मागचे. त्यामुळे ही बातमी त्याला सगळ्यांत शेवटी कळते. मागच्या सीटवरून आजी सांगत असते, "अरे, फार उडते रे तुझी गाडी," आणि स्टिअरिंगवरचा नातू उत्तर देत असतो, "आजी, रस्ताच तसला आहे." रस्ता तसला असतोच, म्हणून हा युक्तिवाद वर्षानुवर्षं खपतो. शिवाय शॉकअप एका दिवसात जात नाही. पंक्चर झालं की लगेच कळतं, बॅटरी उतरली की गाडी जागची हलत नाही. शॉकअप मात्र महिन्यामहिन्याने थोडा थोडा मऊ पडतो आणि चालवणाराही नकळत त्याला सरावत जातो. मग कधीतरी मित्राची तसलीच, पण नवी गाडी चालवायला मिळते आणि पहिल्याच गतिरोधकाला आपली गाडी किती बिघडली आहे हे उमगतं.

गाडीखालची बहुतेक कामं घरी करण्यासारखी नसतात. पुढच्या सस्पेन्शनला तर घरी हात लावूच नये, असं माझं मत आहे. पण आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या हॅचबॅक गाड्यांचे मागचे शॉकअप हे काम घरच्या माणसाच्या आवाक्यातलं आहे. एका बाजूला वर एक जोड, खाली एक बोल्ट, बस्स. ताकद फारशी लागत नाही. भान मात्र एका गोष्टीचं सतत ठेवावं लागतं: या क्षणी गाडीचं वजन कोणावर आहे? शॉकअप नेमकं काय करतो हे समजून घ्यायलाही हाच प्रश्न उपयोगी पडतो आणि तो बदलताना हातपाय शाबूत ठेवायलाही.

तर पहिली गोष्ट ही की गाडीचं वजन शॉकअपवर नसतं, ते स्प्रिंगवर असतं. "गाडी मागून बसली, शॉकअप गेले," हे वाक्य गॅरेजच्या बाहेर रोज ऐकू येतं आणि ते चुकीचं आहे. रिकामी गाडीही मागून खाली बसलेली दिसत असेल, तर स्प्रिंग थकली आहे किंवा तुटली आहे. वायू भरलेला शॉकअप अंगच्या दाबाने किंचित उचल देतो, पण तो हिशेबात धरण्याइतका नसतो. दोन्ही शॉकअप काढून ठेवले तरी गाडी चार चाकांवर जवळजवळ तेवढीच उंच उभी राहील. चालवायला घेतली की मात्र खरा प्रकार कळेल.

चाक उंचवट्यावर चढलं की स्प्रिंग दबते, धक्क्यातली शक्ती साठवते आणि लगेच परत देते. स्प्रिंगला शक्ती जिरवता येत नाही. त्यामुळे एका धक्क्यानंतर गाडी वर-खाली, वर-खाली होत राहते. छोट्या गाडीचा सांगाडा स्प्रिंगवर सेकंदाला साधारण 1 ते 1.5 वेळा हेलकावतो. हा वेग माणसाच्या चालण्याच्या लयीजवळचा आहे, म्हणून अंगाला तो फारसा त्रासदायक वाटत नाही. चाक हलकं असतं आणि वर स्प्रिंग, खाली टायर यांच्यामध्ये सापडलेलं असतं, त्यामुळे ते सेकंदाला 10 ते 15 वेळा थरथरतं. पहिला हेलकावा पोटात कळतो, दुसरा कानाला खडखडाट म्हणून ऐकू येतो. हे दोन्ही मारायचे हे शॉकअपचं काम.

तो ते तेलाच्या मदतीने करतो. ऑफिसच्या काचेच्या दारावर बसवलेला क्लोजर आठवा: दार सोडलं तरी धाडकन आपटत नाही, कारण आतलं तेल बारीक वाटेने सावकाश सरकतं. शॉकअपमध्ये तेच आहे, फक्त दोन्ही दिशांनी आणि कितीतरी वेगाने. तेल भरलेल्या नळीत दट्ट्या आणि दट्ट्याला बारीक भोकं. भोकांवर पोलादाच्या पातळ चकत्या बसवलेल्या असतात. गाडी वळणावर सावकाश कलत असेल तर तेल अगदी अरुंद वाटेने जातं आणि गाडी ताठ राहते. चाक खड्ड्यात धाडकन पडलं तर तेलाच्या दाबाने चकत्या वाकतात, वाट रुंद होते आणि धक्का हाडांपर्यंत पोचत नाही. शिवाय शॉकअप दाबला जाताना कमी आणि ताणला जाताना जास्त विरोध करतो, कारण दबलेली स्प्रिंग उसळी घेते तेव्हाच तिला आवरायचं असतं. तेल सतत घुसळलं गेलं तर त्यात फेस होतो आणि फेसाला काहीच विरोध करता येत नाही. म्हणून बहुतेक नव्या शॉकअपमध्ये नायट्रोजन वायू दाबून भरतात. एकाच नळीच्या रचनेत हा दाब 25 बारच्या आसपास असतो, म्हणजे आपल्या टायरमधल्या हवेच्या दहापट. ही गोष्ट लक्षात ठेवा, लेखाच्या शेवटी लागणार आहे.

हेलकाव्यातली शक्ती जाते कुठे? तेल तापतं. खराब रस्त्यावरून वीस-पंचवीस किलोमीटर आल्यावर मागच्या दोन्ही शॉकअपच्या नळ्यांना हात लावून पाहा. दोन्ही कोमट लागायला हव्यात. एक कोमट आणि दुसरी थंड लागली, तर थंड असलेली बाजू फुकटचा पगार घेत आहे. हात लावताना सायलेन्सरपासून सांभाळा, तो त्याच भागात असतो आणि त्याची उष्णता कोमट नसते.

जुन्या गाड्यांना शॉकअप गेल्याचं एवढं कळत नसे, त्यालाही कारण आहे. कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला किंवा अँबॅसडरला मागे पाटे असत, बोलेरोला ते आजही आहेत, एसटीच्या साध्या गाड्याही पाट्यांवरच धावतात. पाट्याची पानं एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणात हेलकाव्याचा काही भाग आपोआप जिरतो. गोल स्प्रिंगमध्ये घासायला काही नसतंच. ती मऊ, हलकी, बिनआवाजाची, पण शॉकअप नसेल तर बेलगाम. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलेला माणूस छताला टेकून येतो तो भाग वेगळा. तिथे दोष पाट्यांचा कमी आणि मागच्या चाकांच्याही मागे बाक टाकण्याचा जास्त.

मग मागचेच का जास्त जाचतात? साडेआठशे-नऊशे किलोच्या रिकाम्या हॅचबॅकचं सुमारे 60 टक्के वजन इंजिनामुळे पुढे असतं. मागच्या दोन चाकांवर जेमतेम 350 किलो येतं. दिवाळीला गावी निघताना मागे तीन माणसं आणि डिकीत बॅगा, फराळाचे डबे धरले की अडीचशे किलोंची भर पडते आणि तिचा मोठा वाटा मागच्या चाकांवर येतो. म्हणजे पुढच्या शॉकअपांना गाडी रिकामी काय आणि भरलेली काय, फारसा फरक नाही. मागच्या जोडीला मात्र आज 350 किलोंची आणि उद्या साडेपाचशे किलोंची गाडी सांभाळायची असते. त्यात आपले गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच आणि गोलसर हवा. ताशी 25 किलोमीटरने तो सुखाने ओलांडता यावा, ही अपेक्षा. 3.7 मीटर म्हणजे जवळपास अख्खी हॅचबॅक मावेल एवढी रुंदी. आपल्या गल्लीतला गतिरोधक हातभर रुंद असतो आणि उंची रात्री डांबर किती उरलं होतं त्यावर ठरलेली असते. परदेशी उत्पादक साधारण 80,000 किलोमीटरला शॉकअप बदलायला सांगतात. आपल्याकडे तो आकडा मीटरवरून नाही, रस्त्यावरून ठरतो.

गेलेला शॉकअप ओळखायची सगळ्यांना माहीत असलेली रीत म्हणजे डिकीचा कोपरा जोरात दाबून सोडणं. गाडी वर येऊन एकदा खाली जाऊन थांबली तर ठीक, डोलतच राहिली तर शॉकअप संपला. रीत चांगली आहे, पण ती मेलेला शॉकअप पकडते, आजारी नाही. आजाऱ्यासाठी टायरकडे जा. मागच्या टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवा. ठरावीक अंतरावर खोलगट चट्टे लागले, तर चाक रस्त्यावर चिकटून राहत नाही, आपटत चाललं आहे. मग खाली वाकून शॉकअपची नळी पाहा. तिच्यावर तेलाचा अगदी पुसट ओलावा असणं स्वाभाविक आहे, दांडा आत-बाहेर करताना थोडं तेल अंगावर घेतोच. पण धूळ आणि तेलाचा काळा चिखल नळीवरून ओघळलेला दिसला, तर सील गेलं. तेल ठीक असून छोट्या खड्ड्यांवर टकटक आवाज येत असेल, तर शॉकअपच्या टोकांचे रबरी बुश झिजले असतील.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण "थोडी उडते, त्यात काय" असं म्हणून लोक वर्षं काढतात. शॉकअपचं मुख्य काम आपल्या कमरेची काळजी घेणं हे नाही. टायर रस्त्याला टेकवून ठेवणं हे आहे. ब्रेक मारला की वजन पुढे सरकतं आणि मागची चाकं आधीच हलकी होतात. त्यात शॉकअप गेलेला असेल आणि रस्ता खडबडीत असेल, तर चाक क्षणोक्षणी रस्ता सोडतं. हवेतल्या चाकाला ब्रेक लागत नाही आणि वळताही येत नाही.

आता खरेदी. शॉकअप जोडीनेच घ्यायचे, डावा गेला तरी उजवाही. एक ताठ आणि एक ढिला घेऊन गाडी वळणावर सरळ वागत नाही. बरोबर दांड्यावरचा बंप स्टॉप, धुळीचं आवरण, वरचे रबर-वॉशर आणि नवे नट हेही मागून घ्या. जुन्या शॉकअपमधले बंप स्टॉप बहुधा चुरा होऊनच निघतात. सुटे भाग मिळायला आपल्याकडे अडचण नाही. 1961 साली सुरू झालेल्या गॅब्रिएल इंडियाचे चाकण आणि नाशिकला कारखाने आहेत, म्हणजे महाराष्ट्रातल्या निम्म्या शहरांपासून शॉकअप दिवसाभराच्या अंतरावर बनतात. नकली मालही तेवढ्याच सहज मिळतो, तेव्हा बिल देणारं दुकान गाठा. रस्त्याकडेला जुने शॉकअप "तेल भरून नवे" करून देतात, त्याच्या वाटेला जाऊ नका. तेल बदललं तरी आतल्या झिजलेल्या चकत्या झिजलेल्याच राहतात, आणि भोक पाडून वेल्डिंगने बुजवलेल्या नळीचा भरवसा काय धरायचा?

विकत घेण्याच्या आधी मात्र गाडीखाली बॅटरी मारून एक गोष्ट नक्की करून घ्या: स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे आहेत का? बऱ्याच हॅचबॅकना मागची दोन चाकं जोडणारा पोलादी बीम असतो, त्यावर एका जागी स्प्रिंग बसलेली असते आणि थोडं मागे शॉकअप स्वतंत्र उभा असतो. असं असेल तर पुढचं वाचा. टाटा इंडिकासारख्या गाडीत मात्र स्प्रिंग शॉकअपच्या भोवतीच गुंडाळलेली असते. तिथे स्प्रिंग दाबून धरायचं खास अवजार लागतं, आणि ते निसटलं तर दबलेल्या स्प्रिंगमधली शेकडो किलोंची ताकद तोंडासमोर मोकळी होते. ते काम गॅरेजचं.

जागा सपाट आणि पक्की हवी. सोसायटीतले पेव्हर ब्लॉक दिसायला सपाट असतात, पण गाडी ज्यांवर टेकवायची त्या स्टँडच्या पायाखाली एखादा ब्लॉक हमखास खचतो. तिथे जाड लाकडी फळी टाका. गाडी रिकामी करा, पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. हँडब्रेक ओढला आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आपल्या बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो, आणि मागची चाकं तर तुम्ही हवेत उचलणार आहात. ती उचलल्यावर हँडब्रेक फक्त हवेला धरून असतो. गाडी थोपवून धरतात ती पुढची चाकं, तीही गिअरच्या आणि ठोकळ्यांच्या जोरावर.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा. मग जॅक. स्टेपनीबरोबर मिळणारा कात्री जॅक चाक बदलण्यापुरता आहे. त्याच्या भरवशावर गाडीच्या पोटात हातसुद्धा घालू नये. या कामाला ट्रॉली जॅक आणि दोन स्टँड हवेतच. इथे नवख्याची पहिली अडचण येते: जॅक लावायची आणि स्टँड ठेवायची जागा एकच, दाराखालच्या पट्टीवरच्या दोन खाचांमधली. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ट्रॉली जॅकसाठी वेगळी जागा दाखवलेली असते. तिथून गाडी उचला आणि बाजूच्या खाचांखाली स्टँड सरकवा. बीमच्या मधोमध जॅक लावायचा मोह होतो, कारण हाताशी तेवढंच दिसतं. पण तो भाग पिळला जाण्यासाठी बनवलेला असतो, वजन उचलण्यासाठी नाही. जॅक हळूहळू सोडून वजन स्टँडवर बसलं की गाडीला बाजूने चांगला धक्का द्या. ती हलली तर पुन्हा पहिल्यापासून. काढलेलं चाक दाराखाली आडवं सरकवून ठेवलं तर शेवटचा आधार म्हणून कामाला येतं.

आता गाडीचं वजन स्टँडवर आहे, चाकं लोंबकळत आहेत. याच क्षणी खालचा बोल्ट काढला तर काय होईल? बीमसह चाकाची बाजू आणखी खाली कोसळेल. कारण लोंबकळणाऱ्या चाकाला किती खाली जायचं याची मर्यादा बऱ्याच गाड्यांत शॉकअपच घालतो. तो सुटला की ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो, एबीएसची वायर तुटू शकते आणि स्प्रिंग जागेवरून निसटते. म्हणून मोकळा झालेला जॅक आता स्प्रिंग बसते त्या ठिकाणी बीमखाली लावा आणि बीम नुसता टेकेल इतकाच वर घ्या. एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी जोडलेली राहू द्या.

खालचा बोल्ट म्हणजे या कामाचा खरा कस. पुण्यात तो बऱ्यापैकी सुटतो. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत आणि चार पावसाळे खाल्लेल्या गाडीत तो बुशच्या पोलादी नळीशी गंजून एकजीव झालेला असतो. आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशने घासून गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, सकाळी पुन्हा एकदा मारा. नटावर रिंगपाना, बोल्टच्या डोक्यावर गोटी, आणि गोटीच्या दांड्याला लांब हात. झटके न देता ताण वाढवत न्या. "कट्" असा कोरडा आवाज आला की समजा सुटला. बोल्ट तुटल्यासारखं वाटतं, तो गंजाचा आवाज असतो. डोळ्यांवर साधा चष्मा तरी असू द्या, वरून गंजाची पापडी पडतेच. आग किंवा ब्लो टॉर्च यांचा विचारही करू नका: जवळ रबर आहे आणि बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी.

नट निघाला तरी बोल्ट पुढे सरकत नाही, असंही होतं. लोक इथे हातोडा उचलतात. त्याआधी जॅक बोटभर वर-खाली करून पाहा. बोल्टवर बीमचा किंवा शॉकअपचा ताण असेल, तोवर तो हलणार नाही. जॅकच्या एका ठरावीक उंचीला तो ताण नाहीसा होतो आणि मघाशी हातोड्यालाही न जुमानणारा बोल्ट बोटांनी ओढता येतो. हा अनुभव एकदा घेतला की वजनाचा प्रश्न पुस्तकी वाटत नाही.

वरचा जोड गाडीगणिक वेगळा. काहींत चाकाच्या कमानीत बाहेरूनच बोल्ट दिसतात, काहींत डिकीतली प्लास्टिकची बाजू काढल्यावर नट सापडतो. नटाची पंचाईत अशी की तो फिरवायला गेलं की शॉकअपचा दांडाही गरगर फिरतो. दांड्याच्या टोकाला त्यासाठी चपटा किंवा षटकोनी भाग ठेवलेला असतो. तो छोट्या पान्याने धरून ठेवायचा आणि वळलेल्या रिंगपान्याने नट सोडायचा. जुना दांडा पकडीने आवळला तरी चालेल, तो जाणारच आहे. नव्या दांड्याला मात्र चकचकीत भागावर पकड कधीही लावू नका. तिथे उठलेला एक बारीक ओरखडा प्रत्येक खड्ड्याला सीलवरून घासत जातो आणि नवा शॉकअप काही महिन्यांत तेल सोडतो. रबर आणि वॉशर कोणत्या क्रमाने निघाले, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

जुना आणि नवा शॉकअप शेजारी उभे करून दोन्ही हातांनी दाबून पाहण्याची ही वेळ. नवा दाबायला अंगाचा भार टाकावा लागतो, तो सावकाश, एकसारखा आत जातो आणि सोडला की, वायू भरलेला असेल तर, आपणहून पूर्ण लांबीचा होतो. जुना काही अंतर नुसताच आत पडतो, मध्येच अडखळतो, आतून पचपच आवाज येतो, आणि सोडला तरी तिथेच बसून राहतो. मागच्या सीटवरची आजी काय सांगत होती, ते इथे तळहाताला कळतं.

नवा बसवण्याआधी तो उभा धरून, दांडा वर ठेवून, चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि ताणा. दुकानात आडवा पडून दोन नळ्यांच्या शॉकअपमध्ये वायू आतल्या नळीत शिरलेला असतो, तो असा बाहेर निघतो. सुरुवातीला लागणारी पोकळी नाहीशी झाली की लगेच उभाच बसवा. आधी वरचं टोक, मग खालचं. भोकं जुळत नसतील तर पुन्हा जॅकच. बोल्टच्या गुळगुळीत भागाला थोडं ॲन्टीसीझ किंवा ग्रीस लावलं, तर पुढच्या खेपेला जो कोणी उघडेल तो दुवा देईल.

आणि आता ती पायरी, जी घाईत असलेला मेकॅनिकही टाळतो. खालचा बोल्ट या अवस्थेत पूर्ण आवळायचा नाही. बुशमधलं रबर बाहेरच्या आणि आतल्या पोलादी नळीला चिकटवलेलं असतं आणि बोल्ट आवळला की आतली नळी जागीच जखडते. त्यापुढे चाक वर-खाली होतं तेव्हा रबर पिळलं जाऊनच हालचाल होते. चाक लोंबकळत असताना आवळलं तर रबरासाठी "सरळ" म्हणजे ती लोंबकळती अवस्था ठरते. गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून बोल्ट हाताने घट्ट करा, बीमखालचा जॅक चढवत न्या, गाडी स्टँडवरून उचलली जाण्याच्या बेतात आली की थांबा, आणि तिथे आवळा. किती आवळायचं याचा आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो आणि त्यासाठी टॉर्क रेंच लागतो. अंदाज यावा म्हणून सांगतो: 80 न्यूटन-मीटर म्हणजे अर्धा मीटर लांब दांड्याच्या टोकाला 16 किलोंचा जोर. माणूस रागाने आवळतो तेव्हा यापेक्षा बराच जास्त लावतो.

दुसऱ्या बाजूलाही हेच. चाकं लावून, गाडी खाली घेऊन, नट आडव्या-उभ्या क्रमाने आवळून एक फेरी मारा. रिकाम्या रस्त्यावर ओळखीच्या गतिरोधकावरून जा. मागचा भाग एकदा वर येऊन तिथेच थांबायला हवा. खडखड येत असेल तर वरचे वॉशर उलटे लागलेत का ते फोटोशी ताडून पाहा. दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर बोल्ट पुन्हा तपासा. "शॉकअप बदलले, आता अलाइनमेंट करावी लागेल," असं कोणी सांगितलं तर या रचनेच्या गाडीसाठी ते खरं नाही. मागच्या चाकांची दिशा बीम ठरवतो, शॉकअप नाही. पुढच्या चाकांचं गणित वेगळं, तिथे शॉकअपवरच चाकाचा कोन अवलंबून असतो.

काम चालू असताना बीमचे मोठे रबरी बुश फाटलेले दिसले किंवा वरच्या जोडाभोवतीचा पत्रा गंजून पापुद्रे सुटलेला आढळला, तर तिथेच थांबा आणि सगळं परत जोडून गाडी गॅरेजला न्या. बुश काढायला प्रेस लागतो आणि पत्र्याला वेल्डर. ट्रॉली जॅक आणि स्टँड विकत घ्यायचे नसतील, तर हे काम घरी करू नका. मजुरीचे पैसे वाचवायला विटांवर गाडी उभी करणं हा शहाणपणा नाही.

राहिले जुने शॉकअप. पोलाद आहे, भंगारवाला आनंदाने घेईल. मात्र तेल गेलं तरी आतला वायू अजून दाबाखाली असू शकतो. ते घरी कापू, ठोकू किंवा जाळू नका, आणि भंगारात देताना त्यात वायू भरलेला आहे, गॅस कटर लावू नका, एवढं त्याला स्पष्ट सांगा.